हार्ड डिस्कचा पंचनामा



या सदरात आपण बियाणे, खते, कीड-रोग आणि जनावरांचे आरोग्य यांविषयी बोलत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेतीघराबाहेरचा मात्र नाही. हल्ली खेडोपाडी संगणक आले आहेत. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळचे लिटर आणि फॅट संगणकावर चढते. विकास सोसायटीचे हिशेब, बचत गटाचे हप्ते, शेतकरी कंपनीची खरेदी-विक्री त्यातच असते. घरी पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकात खरेदीखताची प्रत, पीक विम्याची पावती, कर्जाचे कागद आणि लग्नकार्याचे फोटो साठवलेले असतात. आणि बहुतेक ठिकाणी हे सारे एकाच हार्ड डिस्कवर असते, दुसरी नक्कल कुठेच नसते.

अशी डिस्क आजारी पडली की दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही जण "सगळेच गेले" म्हणून कपाळाला हात लावतात. काही जण डिस्क कोरी करून घेतात आणि "आता चालते ना, मग झाले" म्हणून मोकळे होतात. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. सुरुवातीला बहुधा डिस्कचा अगदी थोडा भाग खराब झालेला असतो आणि बाकीचा शाबूत असतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे की, त्या खराब भागात नेमक्या कोणत्या फाईली होत्या? त्यांची नावे वेळेवर कळली, तर त्या फाईली दुसरीकडून उभ्या करता येतात. नावे कळलीच नाहीत, तर नुकसान झाले आहे हेच मुळी वर्षभर कळत नाही.

सेक्टर म्हणजे जमिनीचा गट

हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावरून एक वाचक-सुई तरंगत असते. तिचा स्पर्श झाला, धूळ शिरली, धक्का बसला किंवा वयोमानाने चुंबकी थर क्षीण झाला, की तेवढी जागा वाचता येईनाशी होते. लिहिणे चालू असताना वीज गेली, तरी एखादी जागा अर्धवट लिहिली जाऊन वाचता येत नाही. आपल्याकडच्या विजेचा भरवसा सर्वांना ठाऊकच आहे.

तबकडीवरच्या लहानात लहान जागेला सेक्टर म्हणतात. जुन्या पद्धतीत एका सेक्टरात ५१२ बाइट मावतात, तर साधारण २०११ पासूनच्या बहुतेक डिस्कांत प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो. संगणकावर मराठीच्या एका चिन्हाला सहसा ३ बाइट लागतात. म्हणजे ५१२ बाइटांत सुमारे १७० चिन्हे, पोस्टकार्डावरच्या चार-पाच ओळी. एक टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटांच्या हिशेबाने १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. त्यांतले वीस-पंचवीस गेले तर एकूण डिस्कच्या मानाने नुकसान नगण्य आहे. पण त्या चार ओळी कोणाच्या, यावर सगळे अवलंबून आहे.

आता आपला सातबारा आठवा. जमिनीला गट क्रमांक असतो, माणसाचे नाव नसते. नाव दप्तरात असते. सेक्टरचेही तसेच. त्याला फक्त क्रमांक असतो. कोणत्या क्रमांकांवर कोणती फाईल बसली आहे, याची नोंद डिस्कवरच्याच एका सूचीत असते. एका खातेदाराची जमीन चार गटांत विखुरलेली असावी, तशी मोठी फाईलही डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असू शकते. पुराने नदीकाठ खरवडून नेला, म्हणजे कोणते गट गेले आणि ते कोणाचे, हे स्थळावर पाहून लिहावे लागते. डिस्कचेही तेच करायचे आहे: खराब क्रमांकावरून फाईलच्या नावापर्यंत पोहोचायचे आहे.

आजाराची लक्षणे

एखादी फाईल उघडायला फार वेळ लागणे, कॉपी करताना गाडी एकाच टक्क्यावर अडकणे, "डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक" असा संदेश येणे, ही पहिली लक्षणे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम या नोंदवहीत "डिस्क" या नावाने ७ क्रमांकाची नोंद दिसली, तर बॅड ब्लॉक सापडला असे समजावे.

डिस्क स्वतःही आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. तीन ओळी पाहाव्यात. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे राखीव जागेवर हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर. आपल्या कामाची मुख्य ओळ १९७ ची. तिथे शून्याहून मोठा आकडा असेल, तर कोणती तरी जागा आज वाचता येत नाही. हा प्रोग्रॅम आकडे सोळाच्या पाढ्याने लिहितो, त्यामुळे ते विचित्र दिसतात. आपल्याला शून्य आहे की नाही एवढेच पाहायचे.

२००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट अधिक आढळली. त्याच अभ्यासात असेही दिसले की, निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांत महत्त्वाच्या चारही लक्षणांपैकी एकही आधी उमटले नव्हते. तात्पर्य, लक्षण दिसले तर दिवस मोजू नका, आणि दिसले नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

डबीतून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल, तर मात्र पुढचे काहीही घरी करू नये. संगणक बंद करावा. कागद मोलाचे असतील तर डिस्क जाणकार प्रयोगशाळेकडे द्यावी. डबी उघडणे, ठोकणे, शीतकपाटात ठेवणे असले उपाय कोणी सांगितले तरी करू नयेत.

आधी दुरुस्ती नको

सगळ्यांत मोठे नुकसान इथे होते, म्हणून नीट वाचा. संगणकवाला पोरगा येतो आणि पहिल्यांदा चेकडिस्क चालवतो. "आर" ही खूण लावून चेकडिस्क चालवली की ती खराब जागा शोधते, जे वाचता येईल ते वाचते आणि फाईलला त्या जागेऐवजी दुसरी चांगली जागा जोडून देते. ऐकायला हे बरे वाटते. पण जुन्या जागेतला मजकूर वाचता आला नसेल, तर नव्या जागेत तो येणार कुठून? फाईलची लांबी तीच राहते, मध्ये भगदाड पडते. त्यानंतर ती फाईल विनातक्रार कॉपी होते. डिस्कची तक्रार मिटली आणि आपला पुरावाही मिटला. शिवाय थकलेल्या डिस्कला एवढी मोठी तपासणी सोसेलच असे नाही.

कोरे करणे हा तर याहून वाईट उपाय. खराब सेक्टरवर नव्याने लिहिले की डिस्क एक तर तीच जागा पुन्हा वापरात आणते किंवा तिच्या बदल्यात राखीव जागा देते. १९७ चा आकडा खाली येतो आणि डिस्क बरी झाली असे वाटते. आतला मजकूर मात्र कायमचा गेलेला असतो. डीफ्रॅगमेंट करू नये, कारण त्यात फाईली इकडून तिकडे हलतात. याच डिस्कवर नवा प्रोग्रॅमही बसवू नये.

चेकडिस्क आधीच चालवून झाली असेल तर? तरीही एक धागा हाती आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन या नोंदवहीत "विनइनिट" किंवा "चेकडिस्क" या नावाखाली तिचा अहवाल राहतो. त्यात कोणत्या फाईलमधील खराब क्लस्टर बदलले, ते फाईलच्या नावासह लिहिलेले असते. तो अहवाल लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावा. "फाउंड" नावाचा फोल्डर दिसला तर तोही पुसू नये, त्यात बेवारस तुकडे असतात.

घरगुती रीत: वाचून पाहणे

डिस्क आवाज करीत नसेल आणि आकडा लहान असेल, तर सोपी रीत अशी. नवी बाहेरची डिस्क आणावी. आजारी डिस्क शक्यतो दुसऱ्या चांगल्या संगणकाला जोडावी, म्हणजे विंडोज तिच्यावर सतत लिहीत बसणार नाही. आधी सर्वांत मोलाचे फोल्डर हाताने कॉपी करावेत: हिशेब, कागदपत्रे, मग फोटो. सिनेमे आणि गाणी शेवटी.

मग उरलेल्या सर्व फाईली रोबोकॉपीने उतरवाव्यात. हा प्रोग्रॅम विंडोजमध्येच असतो. संगणकवाल्याला चार गोष्टी सांगाव्यात: "ई" खुणेने सगळे उपफोल्डर घे, "आर" शून्य ठेव, "डब्ल्यू" शून्य ठेव आणि "लॉग" खुणेने नोंद फाईलमध्ये लिही, तीही नव्या डिस्कवर. मधल्या दोन गोष्टी विसरू नयेत. न सांगता सोडले, तर रोबोकॉपी न वाचलेल्या एकाच फाईलसाठी दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करते. तेवढ्यात डिस्क प्राण सोडील.

काम संपल्यावर नोंद उघडावी आणि "एरर" हा शब्द शोधावा. २३ किंवा १११७ क्रमांकाची चूक ज्या फाईलसमोर दिसेल, ती बाधित. हीच आपली यादी. त्या नावाची अपुरी नक्कल नव्या डिस्कवर पडलेली असू शकते, तिच्यावर विसंबू नये.

एक लक्षात घ्या. फाईल न अडता वाचली गेली म्हणजे ती आजच्या घडीला वाचता येते, एवढेच सिद्ध होते. पूर्वी चेकडिस्कने भगदाड पाडलेली फाईलही सुरळीत वाचली जाते. त्यासाठी जुनी नक्कल असेल तर तिच्याशी ताडून पाहावे.

जाणकाराची रीत: नक्कल आणि खूण

खराब जागा अनेक असतील, तर फाईलवार वाचण्याऐवजी आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल आधी घ्यावी. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो लिनक्सवर चालतो आणि लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करता येते. डीडीरेस्क्यू आधी सुखाने वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा मागे ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. कोणती जागा मिळाली आणि कोणती नाही, याचा तो नकाशाही ठेवतो. मध्येच वीज गेली तरी तो नकाशा हाताशी असला की काम पुढे चालू करता येते. सुगीत पावसाची चिन्हे दिसली की आपणही आधी पक्के कणीस खळ्यावर आणतो, अडचणीचा कोपरा नंतर पाहतो. तसेच हे.

नकाशावरून नावे काढायची युक्ती गमतीची आहे. नकलेत न मिळालेल्या जागा रिकाम्या असतात. त्या जागांत याच प्रोग्रॅमकडून एखादा ठरावीक शब्द भरून घ्यायचा, जो आपल्या कोणत्याच फाईलमध्ये सहसा येणार नाही. मग नकलेतल्या सर्व फाईलींत तो शब्द शोधायचा. ज्या फाईलीत सापडला, ती बाधित. चोरीच्या धान्याचा माग काढायला पोत्यावर खूण करावी, तसे आहे हे. हे काम नेहमी नकलेवर करावे, मूळ डिस्कवर कधीही नाही.

तपासणीच्या अहवालात खराब सेक्टरचा क्रमांक मिळाला असेल आणि असे क्रमांक दोन-चारच असतील, तर विंडोजमध्येही नाव काढता येते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत सहसा आठ सेक्टरांचा एक क्लस्टर असतो. समजा खराब सेक्टर १२,३४,०४८ आहे आणि डिस्कचा तो विभाग २०४८ पासून सुरू होतो. वजाबाकी १२,३२,०००. तिला ८ ने भागले की क्लस्टर क्रमांक १,५४,००० मिळतो. "एफएसयूटिल" या आज्ञेतील "क्वेरीक्लस्टर" ला हा क्रमांक दिला की त्या जागेवरच्या फाईलचे नाव समोर येते.

कधी एकही नाव येत नाही. तेव्हा ती जागा पडीक समजावी, तिच्यावर कोणाचेच पीक नव्हते. उलट कधी खराब जागा नेमकी सूचीतच असते. मग दप्तरालाच वाळवी लागते आणि फाईली किंवा आख्खे फोल्डर दिसेनासे होतात. अशा वेळी घरी खटपट न करता नक्कल घेऊन जाणकाराकडे जावे.

पंचनाम्याचा कागद

आता वहीचे एक पान घ्या आणि चार रकाने आखा: फाईलचे नाव, तिच्यात काय होते, दुसरीकडे कुठे मिळेल, कोणी आणायचे.

बाधित फाईल निकामीच असते असे नाही. फोटोचा वरचा भाग दिसतो आणि खालचा राखाडी होतो किंवा त्याचे रंग बदलतात. लग्नाची चित्रफीत दोन-चार क्षण फाटते आणि पुढे नीट चालते. पीडीएफमधले एखादेच पान कोरे येते. एक्सेल आणि वर्डच्या नव्या पद्धतीच्या फाईली बहुधा उघडतानाच तक्रार करतात, ते बरेच आहे. जुन्या पद्धतीची हिशेबाची फाईल कधी कधी गुपचूप उघडते आणि आत आकडे चुकीचे असतात. त्यामुळे यादीतल्या हिशेबाच्या फाईलीवर, ती उघडली तरी, विश्वास ठेवू नये.

तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात. नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मिळते. खात्याचा उतारा बँक देते. फोटो पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये निघतात.

दूध संस्थेचे उदाहरण घेऊ. समजा यादीत एकच फाईल निघाली, ११ ते २० तारखेच्या संकलनाची. म्हणजे दहा दिवसांच्या पगाराचा हिशेब गेला. पण प्रत्येक उत्पादकाकडे संकलनाच्या पावत्या किंवा कार्ड आहे, त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर आहे. घरोघरून ते गोळा केले की फाईल पुन्हा उभी राहते. मात्र या पावत्या बहुधा उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात. उन्हात, गरम जागी राहिल्या की त्यांची अक्षरे विरून जातात, आणि कोणी चुलीतही घालते. आठ दिवसांत नाव कळले तर पावत्या मिळतील, सहा महिन्यांनी लेखापरीक्षणात कळले तर काय मिळणार? मग ज्या माऊलीने दहा दिवस पहाटे उठून धार काढली, तिचा शब्द आणि संस्थेचा शब्द यांत वाद उभा राहतो. संगणकाच्या चार ओळींपायी गावात वैर येते.

पावत्या आल्यावर नोंदी दोघांनी मिळून भरून ताडाव्यात. ज्याची पावती नाही, त्याचा आकडा अंदाजाने भरू नये. त्याच्यासमोर बसून, मागचे-पुढचे दिवस पाहून काय ठरले ते लिहावे आणि सही घ्यावी. पुन्हा तयार केलेल्या फाईलवर तसा शेरा ठेवावा आणि सभासदांना सांगावे. लपवलेले नुकसान दुप्पट होते.

पुढची काळजी

आजारी डिस्क बरी झालीसे वाटले, तरी तिच्यावर पुन्हा हिशेब ठेवू नये. यादीचे काम पुरे होईपर्यंत ती लेबल लावून जपून ठेवावी, टाकू नये. नव्या डिस्कच्या जोडीला एक नक्कल संगणकाबाहेर आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. तीन महिन्यांनी नकलेतल्या चार फाईली उघडून पाहाव्यात. कणगीतले बी आपण मधून मधून हात घालून पाहतोच. संगणकाला यूपीएस जोडावा. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये.

ध्यानात ठेवा

१. आवाज येत असेल तर बंद करा, जाणकाराकडे न्या.
२. आधी नक्कल, मग यादी, दुरुस्ती सर्वांत शेवटी.
३. "आर" खुणेची चेकडिस्क आणि फॉरमॅट यांना नकार द्या.
४. रोबोकॉपीची नोंद किंवा नकाशावरून बाधित फाईलींची नावे काढा.
५. यादी निघाली त्याच आठवड्यात पावत्या आणि कागद गोळा करा.
६. हिशेबात अंदाजाचा आकडा घालू नका.

आपल्या गावातल्या संस्थेच्या संगणकात १९७ ची ओळ काय सांगते, हे या आठवड्यात एकदा पाहून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.